टेप बदलायचा रविवार

सकाळी ७

डिसेंबरातला रविवार. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीत या वेळी गाड्या पुसणारा पोरगा सोडला तर खाली कुणी नसतं. खांबांच्या मधली गाडी मोकळ्यावर घेतली आणि दोन्ही दारं सताड उघडतील, मीटर रूममधल्या प्लगपासून एक्स्टेन्शन पोचेल, अशा बेताने लावली. सेक्रेटरींची परवानगी काल रात्रीच काढून ठेवलीय. "सोसायटीच्या लाइटवर काय चालवणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पंचवीस वॉटचा सोल्डरिंग आयर्न, म्हटलं, तोही तासभर. "ठीक आहे, पण फरशीवर डाग नकोत," असं बजावून त्यांनी दार लावून घेतलं.

गाडी २००९ सालची, एमएच-०५, छोटी हॅचबॅक. पंधरा वर्षं भरली तेव्हा कल्याणच्या आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. नव्या नंबरप्लेटाही बसल्या. इंजिनाची कुरकुर नाही, एसी चालतो. रडतो तो टेप. खरं तर तो सीडी आणि यूएसबीचा सेट, कॅसेट त्यात कधी गेलीच नाही, पण घरात सगळे त्याला टेपच म्हणतात. आवाजाचं गोल बटण उजवीकडे फिरवलं तर आवाज कधी वाढतो, कधी चक्क कमी होतो. त्या बटणाखाली बारीक धातूचे संपर्क असतात. आपल्याकडच्या दमट हवेने ते काळे पडले की बटण कुठल्या दिशेला फिरतंय हेच सेटला कळेनासं होतं. डिस्प्लेवरचे निम्मे आकडे पुसलेत. ब्लूटूथचा तर प्रश्नच नाही.

नवा सेट काल, शनिवारी, ऑफिस सुटल्यावर लॅमिंग्टन रोडवरून आणला. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे विसरलेली वस्तू आज मिळणार नाही या हिशेबानेच यादी केली होती. सेट साधाच, सीडी नसलेला, 'वन डिन' मापाचा. डिन म्हणजे जर्मनीची मानकं ठरवणारी संस्था. तिने आखून दिलेलं १८० बाय ५० मिलिमीटरचं तोंड पुढे जगभर चाललं. म्हणून तर जुन्या गाडीच्या खाचेत आजचा सेट बसतो. उंची दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर, असली की तो 'डबल डिन'. टचस्क्रीनवाले बहुतेक सेट त्या मापाचे. ते आमच्या डॅशबोर्डमध्ये बसवायचे तर प्लास्टिक कापावं लागेल आणि ते मला करायचं नाही.

बाकी सामान चादरीवर मांडलं. १० नंबरचा पाना, एक लांब आणि एक बुटका स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या, मल्टिमीटर, वायर सोलायची पक्कड, सोल्डर, श्रिंक स्लीव्ह, केबल टाय, कापडी टेप, दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि स्क्रू ठेवायला आइस्क्रीमचा रिकामा डबा.

सकाळी ८:१५

उघडण्याआधी जुना सेट नीट ऐकून घ्यायचा. हे काम बहुतेक जण टाळतात, कारण जो टाकायचाच आहे त्याची तपासणी कशाला? पण दुखणं सेटचं आहे की गाडीच्या वायरिंगचं, हे आत्ताच कळतं. नवा सेट लागल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

वही घेऊन बसलो. आवाज फक्त पुढच्या स्पीकरवर, फक्त मागच्यावर, फक्त डावीकडे, फक्त उजवीकडे, असा फिरवून पाहिला. नोंद पहिली : मागच्या पार्सल ट्रेवर ६ बाय ९ इंची लंबगोल स्पीकर आहेत. त्यातला डावा एकटा वाजवला तर ठेका दणकट येतो, उजवाही एकटा चांगला. दोन्ही एकदम लावले की तबल्याचा डग्गा गायब.

नोंद दुसरी : इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढते.

नोंद तिसरी : चावी काढून हातात घेतली तरी टेप चालूच. बटण दाबून बंद करावा लागतो. याच गाडीचा सेल्फ आठवडाभर हलवली नाही की मरगळतो, हेही त्याच्याखाली लिहून ठेवलं.

मग टेप बटणाने बंद करून, चावी काढून, बॉनेट उघडलं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि बॅटरीचं टोक नि तार यांच्या मधोमध मीटर लावला, १० अँपिअरच्या पट्ट्यावर. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. स्टार्टर शंभरावर अँपिअर खेचतो, मीटरचा फ्यूज तत्क्षणी जातो. आकडा स्थिरावला तो ०.१५ अँपिअरवर, म्हणजे १५० मिलिअँपिअर. बंद गाडीने एवढं खायचं कारण नाही. दिवसाला ३.६ अँपिअर-तास, आणि बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. आठवडाभरात सत्तर टक्के बॅटरी उभ्या उभ्या संपते.

सकाळी ९:३०

डॅशबोर्डला हात लावायला मुद्दाम ऊन चढू दिलं. पंधरा वर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक गारठ्यात ठिसूळ असतं, क्लिपा पटापट मोडतात. काचेतून अर्धा तास ऊन आलं की तेच थोडं लवचिक होतं.

बॅटरीची तार सोडताना नेहमी निगेटिव्ह आधी. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह सोडताना पाना पत्र्याला लागला तर काही होत नाही. पॉझिटिव्ह सोडताना लागला तर ठिणगी उडते आणि पाना बॅटरीला चिकटून तापतो. नव्या गाडीवाल्यांनी आणखी एक सांभाळायचं. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. तिच्या वायरींवर बहुधा पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर असतो. त्याला मीटर लावायचा नाही, हातही नाही, आणि बॅटरी सोडल्यावर काही मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडी वीज साठलेली राहते. आमच्या गाडीत एअरबॅगच नाही.

ॲशट्रे उपसली, मागे लपलेला स्क्रू काढला. मग प्लास्टिकची पट्टी खालच्या कडेत सारून एकेक क्लिप सुटी केली. पुढची चौकट मोकळी झाली. सेट पत्र्याच्या पिंजऱ्यात बसलेला असतो आणि पिंजऱ्याचे कान डॅशबोर्डमागे वाकवलेले असतात. ते सरळ केले आणि सेट बाहेर ओढला. मागे वायरींचा झुबका.

सकाळी १०:३०

भाची ठाण्याहून आली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मेगाब्लॉक होता मामा, मुंब्र्याच्या अलीकडे पंधरा मिनिटं गाडी उभी," असं म्हणत ती थेट पुढच्या सीटवर येऊन बसली आणि झुबक्याकडे बघून म्हणाली, "हे कुणी केलंय?"

आधीच्या मालकाच्या वेळी एखाद्या फिटरने. गाडीबरोबर आलेला मूळ कपलर कापून टाकलेला, वायरी एकमेकींना नुसत्या पीळ मारून जोडलेल्या, वरून काळी टेप. उन्हाळ्यात डॅशबोर्डमागे तापलं की या टेपचा डिंक पातळ होऊन गळतो, पट्टी सरकते आणि तांबं उघडं पडतं. हाताला तोच चिकट काळा थर लागत होता. दोन-तीन सांध्यांवर हिरवट गंज चढलेला.

पहिलं काम मोबाइलवर फोटो. वरून, खालून, प्रत्येक सांध्याचा जवळून. मग कागदी चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक वायरीला नंबर. त्यानंतरच एकेक वायर सुटी केली.

"रंगावरून कळत नाही?" तिने विचारलं.

सेटच्या बाजूला कळतं. बाजारात मिळणाऱ्या सेटना रंगांची एक ठरलेली रीत आहे. पिवळी कायमच्या करंटची, ज्याला मेकॅनिक 'डायरेक्ट' म्हणतात. तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण टिकते. लाल चावीवर येणाऱ्या करंटची. काळी अर्थची. केशरी हेडलाइटबरोबर डिस्प्ले मंद करायला. निळी एरियलच्या किंवा वेगळ्या ॲम्प्लिफायरच्या सूचनेसाठी. स्पीकरच्या चार जोड्या : पुढचा डावा पांढरी, पुढचा उजवा करडी, मागचा डावा हिरवी, मागचा उजवा जांभळी. प्रत्येक जोडीत काळ्या रेघेची वायर मायनस. गाडीच्या बाजूला मात्र प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, आणि आमच्या गाडीत तर मधल्या फिटरने हाताशी होत्या त्या वायरींचे तुकडे लावलेले. इथे लाल वायर लाल आहे म्हणून चावीची, असं धरून चालणारा माणूस सेट जाळतो.

सकाळी ११:१५

सगळी टोकं एकमेकांपासून लांब पसरली, पत्र्यापासूनही, आणि बॅटरी पुन्हा जोडली. आता मीटर व्होल्टवर. काळी सुई दाराच्या बिजागरीजवळच्या उघड्या बोल्टवर, लाल सुई एकेका टोकावर. मी आकडा वाचायचा, भाचीने वहीत लिहायचा.

चावी बंद : ४ नंबरवर १२.५ व्होल्ट. ही डायरेक्ट. बाकी सगळीकडे शून्य.

चावी पहिल्या खाचेत : ४ नंबरवर तेवढेच, आणि आणखी कुठेच काही नाही. चावीचा करंट देणारी वायर या झुबक्यात दिसेना. जुन्या सेटची लाल आणि पिवळी दोन्ही या ४ नंबरवरच पिळलेल्या होत्या, हे सकाळच्या फोटोत स्पष्ट होतं. म्हणूनच चावी काढली तरी टेप चालू राहायचा, आणि बटणाने बंद केला तरी आतून जागाच असायचा. १५० मिलिअँपिअर कुठे जात होते ते सापडलं.

भाचीने मोबाइलचा टॉर्च खाचेत आत धरला. वर, एसीच्या नळीला टेकून, एक एकटी वायर होती. टोकावर टेपची गाठ मारून गप्प बसवलेली. गाठ सोडली, सुई लावली, चावी फिरवली : १२.४. चावी बंद केली : शून्य. चावीची वायर गाडीत पहिल्यापासून होती, फक्त कुणी ती वर हात घालून शोधली नव्हती. अर्थात त्या फिटरच्या दारात आणखी गिऱ्हाइकं ताटकळत असणार. त्याला घाई होती, मला रविवार आहे.

पार्किंग लाइट लावल्यावर ७ नंबरवर व्होल्ट आले. ती केशरीला जाणार. मग बॅटरी पुन्हा सोडली आणि मीटर रोधावर, म्हणजे ओहमवर घेतला. अर्थची म्हणून जी वायर होती ती ज्या स्क्रूखाली दाबलेली, तो स्क्रू रंगावरच कसलेला. सुई लावली तर आकडा ठरेना. कधी २ ओहम, वायर हलवली की १५.

शिट्टीचं मूळ हे. सेटला परतीचा चांगला रस्ता मिळाला नाही की करंट दुसरा रस्ता शोधतो, आणि तो सापडतो एरियलच्या केबलमध्ये. त्या केबलची बाहेरची जाळी छताजवळ पत्र्याला जोडलेली असते. मग अल्टरनेटरचा सगळा गोंगाट रेडिओच्या वाटेने आत शिरतो, आणि इंजिनाचे फेरे वाढले की शिट्टीची पट्टी चढते. अशा गाडीत कितीही महागडा सेट लावा, तो शिट्टी मारणारच.

दुपारी १२

आता स्पीकर. ओहमवर ठेवलेल्या मीटरने प्रत्येक जोडीवर साडेतीनच्या आसपास आकडा दाखवला. स्पीकरवर ४ ओहम छापलेलं असतं, पण तो फिरत्या करंटला होणारा विरोध. मीटरच्या सरळ करंटला तो थोडा कमी दिसतो. हे ठीक. आणखी एक तपासणी इथेच उरकली : स्पीकरचं कुठलंही टोक पत्र्याला लागलेलं नाही ना? आजच्या सेटमधली चिप स्पीकरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने ढकलते. त्यामुळे स्पीकरची मायनस वायर अर्थला टेकली तर चिप जळू शकते. पूर्वीच्या काही गाड्यांत सगळ्या स्पीकरची मायनस एकच आणि तीही पत्र्यावर असायची. तिथे नवा सेट लावायचा तर स्पीकरला वेगळ्या वायरी ओढाव्याच लागतात.

कुठली जोडी कुठल्या स्पीकरची आणि त्यातली प्लस कुठली, हे सांगायला मीटर नको. पेन्सिल सेल पुरतो. सेलचा प्लस एका वायरीला धरायचा आणि मायनस दुसऱ्या वायरीला क्षणभर टेकवून उचलायचा. ज्या स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येईल ती जोडी त्याची. आणि टेकवण्याच्या क्षणी स्पीकरचा कागद बाहेर आला तर सेलच्या प्लसला धरलेली वायर प्लस, आत गेला तर ती मायनस.

मागच्या ट्रेवरच्या जाळ्या काढून भाची मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली. एका बोटाचं टोक कागदावर अलगद.

"उजवा. टक्. बाहेर."

"आता?"

"डावा. टक्..." ती थांबली. "परत लाव मामा." परत लावला. "आत जातोय. नक्की आत."

स्पीकरच्या पट्ट्यांवरचं प्लस-मायनस बघितलं. मधल्या फिटरने दोन्ही स्पीकरच्या प्लसला लाल वायर वापरली होती, पण डाव्याच्या मागे लाल तुकडा मायनसच्या पट्टीवर खोचलेला. त्यामुळे एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे खेचायचा. मोठ्या लांबीच्या लाटा, म्हणजे ढोल-डग्ग्याचे खालचे सूर, गाडीच्या एवढ्याशा पोकळीत एकमेकांना मारून टाकायचे. एकट्या स्पीकरला ही अडचण नाही, म्हणून सकाळी एकेकटे दणकट वाजत होते. पट्ट्यांची अदलाबदल केली, सेल लावला. "बाहेर!"

सकाळच्या तिन्ही नोंदींपुढे बरोबरची खूण झाली, आणि नवा सेट अजून खोक्यातच आहे. त्यातली एकही गोष्ट तो एकटा सुधारू शकला नसता. हे काम वायरी जोडण्याचं नाही, ओळखण्याचं आहे. जोडायला तासभर लागतो.

दुपारी १:३०

जेवण. हात दोनदा साबणाने धुऊनही काळी टेप बोटांना होतीच. शेजारचे आजोबा जिन्यात भेटले. त्यांनी रेडिओच्या लायसनची आठवण काढली. पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यावा लागायचा.

जेवणानंतरचं काम जेवणाच्याच टेबलावर, पंख्याखाली. सेटबरोबर आलेल्या वायरींना आयएसओचा कपलर आधीच आहे : दोन चौकोनी ठोकळे, आठ-आठ पिनांचे, एक करंटचा आणि एक स्पीकरचा. त्याच्यात बसणारी दुसरी जोडी लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. ती गाडीच्या बाजूला लावायची. म्हणजे पुढे कधी सेट बदलला तर कुणी वायर कापणार नाही, कपलर ओढून दुसरा खोचेल. या जोडीच्या वायरींची टोकं वर घरातच सोलून, पीळ मारून, कल्हई केल्यासारखी सोल्डरने भिजवून तयार केली. भाचीला खोक्यावरचं '५० वॉट × ४' खटकलं.

"मामा, मागे फ्यूज १० अँपिअरचा आहे. १४ व्होल्ट गुणिले १० म्हणजे १४० वॉट. हे २०० कुठून देणार?"

देत नाही. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास असतात. चिपने दोन्ही टोकं ढकलली तरी ४ ओहमच्या स्पीकरवर लाटेचं शिखर फार तर १४ व्होल्टचं. १४ चा वर्ग १९६, भागिले ८, साडेचोवीस वॉट. वजावट धरून वीसेक वॉट स्वच्छ आवाज. छोट्या गाडीला तो पुष्कळ आहे. पन्नासचा आकडा आवाज पूर्ण फाटल्यावरचा, क्षणाचा.

दुपारी ३

पुन्हा खाली. बॅटरी सुटलेलीच आहे. गाडीच्या वायरींची गंजलेली टोकं लालसर तांबं दिसेपर्यंत मागे कापली. प्रत्येक सांध्याचा क्रम एकच : श्रिंक स्लीव्ह आधी वायरीवर चढवायची, दोन्ही टोकं एकमेकांत गुंफायची, खालून आयर्न टेकवायचा आणि वरून सोल्डर लावायचं. सोल्डर वायरीच्या उष्णतेने वितळून आत शोषलं गेलं पाहिजे, आयर्नवर वितळवून थेंब टाकलेला सांधा वरवरचा राहतो. गार झाल्यावर स्लीव्ह सरकवून तापवायची. फरशीवर आणि सीटवर चादर होतीच, सेक्रेटरींना दिलेला शब्द पाळला.

सोल्डर केलेली वायर सांध्यापाशी कडक होते आणि धक्क्यांनी तिथेच मोडू शकते. म्हणून सांधे एका रेषेत न ठेवता पुढे-मागे केले, सगळ्यांची मिळून एक जुडी बांधली आणि तिच्यावर कापडी टेप गुंडाळली. कापडी टेपने वायरी डॅशबोर्डमध्ये खडखडत नाहीत.

अर्थसाठी नवी वायर. डॅशबोर्डमागे पत्र्याला धरलेला लोखंडी आडवा बार असतो. त्याच्या बोल्टखालचा रंग सँडपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, टोकाला गोल लग लावून बोल्ट कसला. मीटरने बघितलं : ०.१ ओहम. वर थोडं ग्रीस चोपडलं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरेल.

दुपारी ४:३०

काहीही बंद न करता चाचणी. बॅटरी जोडली, सेट नुसता मांडीवर. चावी फिरवली, सेट उजळला. चावी बंद, सेट बंद. पुन्हा फिरवली, घड्याळ जागेवर. लाल-पिवळीची अदलाबदल असती तर दर वेळी घड्याळ शून्यावर आलं असतं. इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटर दाबला. शिट्टी नाही. भाचीने मोबाइल जोडून ढोलताशा लावला. मागचा ट्रे थरथरला.

रेडिओ मात्र भलतीकडेच. एफएम लागतं, पण मीडियम वेव्हवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागेना. तिचं ठिकाण ५५८ किलोहर्ट्झ. सेट ५५० वरून थेट ५६० वर उडी मारत होता. हा प्रदेशाच्या सेटिंगचा घोटाळा. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १०-१० किलोहर्ट्झ अंतरावर असतात, आपल्याकडे आणि युरोपात ९-९. ५५८ ला ९ ने भाग जातो, १० ने जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसए' चं 'एशिया' केलं, पुन्हा शोधायला लावलं, ५५८ लागलं. परदेशातून उतरवून आणलेले जुने सेट घेणाऱ्यांनी हे बघूनच घ्यावं. जुन्या जपानी सेटचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो. मुंबईची खासगी एफएम स्टेशनं सुरूच होतात ९१.१ पासून, आकाशवाणीची गोल्ड १००.७ वर आणि रेनबो १०७.१ वर. तसल्या सेटमध्ये यातलं काहीच येणार नाही, आणि ते सेटिंगनेही बदलत नाही.

संध्याकाळी ५:३०

बंद करताना घाई नडते. आधी पिंजरा खाचेत बसवून त्याचे कान वाकवले. वायरींची जुडी सेटच्या मागे कोंबली नाही, खाली ग्लोव्हबॉक्सच्या मागच्या पोकळीत सोडून टायने बांधली. सेटचा पाठचा पत्रा तापतो, त्याला हवा लागते. ब्लूटूथचा माइक ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या खांबावर वर नेला, वायर रबराच्या पट्टीत दाबली. चौकट बसवली, क्लिपा टकटक लागल्या. डब्यात एकही स्क्रू उरला नाही.

तोवर अंधार पडला. हेडलाइट लावले, डिस्प्ले मंद झाला. केशरी वायरीचं काम एवढंच, पण रात्री घाटात डोळ्यांवर झगझगीत पाटी नको असेल तर ती जोडायला हवी. फिटर ती बहुतेक वेळा सोडून देतात.

संध्याकाळी ६:३०

भाचीला ठाण्याला सोडायचं होतं, त्यात रस्त्यावरची चाचणीही होईल. मानपाडा रोडने कल्याण-शीळ रस्त्याला लागलो. मेट्रोच्या कामाचे पत्रे दोन्हीकडे, मध्ये रविवारची गर्दी. काटई नाका ते शिळफाटा गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, खड्ड्यांतून. सांधे तपासायला याहून चांगला रस्ता नाही. आवाज कुठे तुटला नाही, डॅशबोर्डमधून खडखडाट नाही.

मुंब्रा बायपासला लागल्यावर एफएमवर मधूनच खरखर आली. हा दोष सेटचा नाही. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये पारसिकचा डोंगर आला की काही सावलीत सापडतात, काही कड्यावर आपटून उशिरा पोचतात. वळण संपून खाडीच्या बाजूला उतरलो की स्वच्छ. मीडियम वेव्हच्या लांब लहरी जमिनीच्या कलाने वाकतात. त्यांना डोंगराचं सोयरसुतक नाही, पण रेल्वेच्या विजेच्या तारांजवळ त्याच जास्त खरखरतात. भाचीने दोन्ही पट्टे आलटून पालटून लावत कळव्यापर्यंत हा प्रयोग चालवला.

रात्री ९:१५

घरी परत, गाडी खांबांच्या मध्ये. सकाळचाच मीटर, तसाच बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये. चावी काढून दारं बंद केली आणि मीटर बॉनेटच्या फटीतून वाचत थांबलो. नवा सेट झोपायला मिनिटभर घेतो. आकडा खाली उतरत २० मिलिअँपिअरवर थांबला. दिवसाला अर्धा अँपिअर-तासही नाही. आता गाडी महिनाभर गावाला न जाता उभी राहिली तरी सेल्फ मारेल.

फिटरला दिलं असतं तर हे तासाभरात झालं असतं, आणि पैसेही फार लागले नसते. पैसे वाचवायला हे करायचं म्हणत असाल तर करू नका. मीटर, आयर्न, कपलर यांतच ते जातात. ज्याला रविवार मोकळा आहे आणि दोन वायरी जोडण्याआधी वीस वायरी मोजायचा कंटाळा नाही, त्याने जरूर करावं. बाकीच्यांनी फिटरकडेच जावं, पण मागे उभं राहून एक विचारावं : लाल वायर चावीवर लावली ना, की डायरेक्टला? आणि घरी आल्यावर चावी काढून बघावं, टेप बंद होतो का.

वहीतलं ते पान फाडलं : कुठला नंबर कशाचा, अर्थ कुठे, डाव्या मागच्या स्पीकरची पट्टी बदलली, तारीख. त्याची घडी सर्व्हिस बुकात ठेवली. गाडी विकली तर पुस्तकाबरोबर तेही जाईल, आणि पुढचा माणूस पक्कड उचलण्याआधी निदान एकदा ते वाचेल.